ओळखीचं अक्षर

इथे बटण नसतं. शिक्का नसतो.
आवडत्या माणसाचं नाव लिहावं लागतं, पेननं, स्वतःच्या हातानं,
म्हणून तालिसान बेटावर निवडणूक म्हणजे
अख्ख्या गावाची शुद्धलेखनाची परीक्षा,
आणि तपासायला पुन्हा मीच:
रोसेंदा काबिदोग, तिसरीची बाई, सव्वीस वर्षं याच वर्गात.

सकाळी सातला रांग लागली.
गावाच्या मतपत्रिकेवर आठ रेघा, कप्तानाची एक, सदस्यांच्या सात.
युवा परिषदेची मतपत्रिका वेगळी, पंधरा ते तीस वयाच्यांना.
अठराच्या वरचे दोन्ही नेतात.
खालच्यांना एकच मिळते,
आणि तो कागद ती दोन्ही हातांनी धरतात,
सांडेल म्हणून.

तिसरीच्या खुर्च्यांत मोठी माणसं मावत नाहीत.
गुडघे हनुवटीला टेकवून
म्हातारा इस्मो तासभर बसला, सातांतली तीनच नावं लिहिली.
बाकीच्या चौघांचे सार्डिनचे डबे त्यानं खाल्लेत,
हे सगळ्यांना माहीत होतं, त्या चौघांनाही.

तीनला दार बंद. पेटीची कुलपं उघडली.
मी नाव वाचते, देल्फिन सर तपकिरी कागदावर रेघ ओढतात,
चार उभ्या, पाचवी आडवी,
खिडकीच्या गजांत उमेदवारांच्या आत्या, मावश्या, सासवा.
नियम असा, की उच्चार जुळला तर मत धरायचं.
झुनरे बालाबाच्या नावातला मुका एच
कुणी गाळला, कुणी दोनदा घातला.
एरवी अर्धा गुण कापला असता.
आज नाही. आज सगळे पास.

पण मतदान गुप्त असतं म्हणतात
ते माझ्यासारखीला धरून म्हणत नसावेत.
हा पोट फुगलेला ओ नेलियाचा.
ही ओळ सोडून वर चढणारी अक्षरं लिटो कोळ्याची,
त्याला मी पट्टी धरून शिकवलं, तरी चढतातच.
मी नजर कागदावर ठेवते,
आवाज एकसारखा ठेवते,
वाचून झालेली मतपत्रिका पालथी टाकते.

युवा अध्यक्षपदाला दोघं.
झुनरे, एकोणीस वर्षांचा, त्याला बास्केटबॉलच्या मैदानावर दिवे हवेत.
क्रिशेल दागुमान, एकवीसची,
तिला कॉलेजच्या होडीचं भाडं अर्धं करून हवंय.

अंधारलं, वीज गेली, मोबाइलचे उजेड आत आले.
एकशे चारावी मतपत्रिका.
पहिलं अक्षर डी. दोनदा गिरवलेलं,
रेघ आधी, मग थांबून, विचार करून, पोट.
एकच पोरगा असा लिहितो.
नऊ वर्षांचा होईपर्यंत बी आणि डी त्याला एकच वाटायचे,
मी त्याच्या उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला होता,
पोट दोऱ्याच्या बाजूला, झुनरे, दोऱ्याच्या बाजूला.

"दागुमान," मी वाचलं.
देल्फिन सरांनी रेघ ओढली.

शेवटी एकसष्ट आणि एकसष्ट.

स्वतःचं नाव लिहिलं असतं तर बासष्ट आणि साठ.
ही वजाबाकी त्या खोलीत फक्त दोघांना येत होती,
आणि दोघंही गप्प.
प्रेमात असेल. घाबरला असेल.
किंवा पेन हातात घेतल्यावर खरंच वाटलं असेल,
दिव्यांपेक्षा होडी बरी.
मी विचारणार नाही. विचारलं तर ते मत उरणार नाही.

समसमान झालं की चिठ्ठ्या, हाही नियम.
दुधाच्या पावडरीचा डबा, दोन घड्या केलेले कागद.
क्रिशेलनं काढला, उघडला,
आणि वाचायच्या आधी त्याच्याकडे पाहिलं.
कागदावर लिहिलेलं होतं.
त्याचा कोरा निघाला.
त्यानं तो उगाच उलटून पाहिला.

पेटी घेऊन तालुक्याला जायचं होतं, ओहोटी लागलेली.
होडी वाळूत रुतली.
झुनरे पँट वर न करताच पाण्यात उतरला,
"माम, किल्ली सांभाळा," म्हणाला,
आणि दोन्ही हात लावले काठाला,
उजव्या तर्जनीच्या नखावर शाई,
डावी मोकळी.